भेट म्हणून पाठवलेल्या बाहुल्या

विष्णू पोस्टमन जबलपूरच्या चेरीतालमधल्या त्या गल्लीत शिरला की आधी सायकलची घंटी वाजवायचा, मग "भाभीजी, विलायत!" अशी आरोळी ठोकायचा, आणि चहा पोटात गेल्याशिवाय ओट्यावरून हलायचा नाही. त्या दिवशी मात्र घंटी नाही, आरोळी नाही. खिशातली चिठ्ठी त्यानं अनसूयेच्या हातात ठेवली आणि इकडेतिकडे बघत हळूच म्हणाला, "भाभीजी, आपके पाँचों पार्सल लौट आए. बड़े डाकघर में साहब लोग बैठे हैं. अभी बुलाया है."

"साहब लोग? कोण साहब लोग?"

"एक तो कस्टमवाले तिवारीजी. और एक फैक्टरी के हैं. जीप से आए हैं."

पार्सलं परत येणार हे अनसूयेला ठाऊक होतं. पण पार्सल पोस्टाचं, जकात कस्टमची. यात फॅक्टरीचा माणूस काहून?

हे मुळापासून सांगायला हवं. अनसूया बाहुल्या करायची. लहानपणी सागर गावात मावशीच्या हाताखाली ती रुखवताच्या बाहुल्या करायला शिकली होती. लग्नात रुखवत मांडतात ना, मुलीच्या माहेरची हस्तकला म्हणून, त्यातल्या नवरी-बाहुल्या. वीतभर उंच, कापडाच्या, आत कापूस. पण नऊवारीच्या निऱ्या खऱ्या, नथीचे मोती खरे, आणि डोळे काळ्या रेशमानं असे भरलेले, की बघणाऱ्याला वाटावं आता ही काहीतरी टोचून बोलणार. मिशनच्या शाळेतल्या एका बाईंनी प्रदर्शनात त्या पाहिल्या आणि एक विकत घेऊन विलायतेला आपल्या मावसबहिणीला धाडली. ती बहीण म्हणजे हार्परबाई. जगभरच्या बाहुल्या जमवायचा तिला नाद. तिनं आणखी एक मागवली, मग तिच्या मैत्रिणींनी मागवल्या. चेरीतालच्या दोन खोल्यांतून बाहुल्या समुद्रापार जायला लागल्या. अनसूयेला काय अभिमान वाटायचा म्हणता! शेजारणींना मात्र ती सांगायची नाही.

न सांगायला कारण होतं. तिचे यजमान अच्युतराव तोफांचे गाडे बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात फिटर होते. सरकारी माणसाच्या बायकोनं धंदा केला तर वरिष्ठांना लेखी कळवून परवानगी काढायची, असा नियम. अच्युतरावांनी ती काढली नाही. "दोन महिन्यांतून एक बाहुली जाते. याला धंदा म्हणतात का?" असं म्हणून त्यांनी ते टाळलं. ते टाळण्यात पटाईत होते. स्वभावच तो.

मग मागल्या दिवाळीच्या सुमाराला विलायतेच्या सरकारला काय सुचलं कोण जाणे, बाहेरून येणाऱ्या मालावर त्यांनी जादा जकात बसवली. मोठमोठ्या कंपन्यांनी कपाळाला हात लावले, ते पेपरात छापून आलं. अनसूयेच्या बाहुलीचं कोण छापतं! तिकडचा पोस्टमन दारात उभा राहून जकात मागायचा, वर पोस्टाची हमाली मागायचा. बायांना ते जड जायला लागलं. मागण्या आटल्या. शेवटी हार्परबाईंनीच उपाय कळवला: पार्सलवर 'भेट' असं लिहा, भेटीच्या वस्तूवर जकात सहसा सोडतात.

"खोटं लिहायचं?" अनसूयेनं विचारलं होतं.

"अगं, सगळेच लिहून राहिले," अच्युतराव म्हणाले होते. त्यांनीच मग इंग्रजीत लेबलं लिहिली. अनसूया मराठी चौथीपर्यंत शिकलेली. पाच बायांना पाच बाहुल्या, प्रत्येकीवर 'गिफ्ट'. पाचही एकाच दिवशी, एकाच पत्त्यावरून. आता तिकडचे कस्टमवाले काय दुधखुळे आहेत? त्यांनी पाचही पार्सलं अडवली, जकात आकारली, बायांनी ती भरली नाही, आणि पार्सलं उलट बोटीनं निघाली. बोट मुंबईला लागेस्तोवर इकडे पाकिस्तानशी लढाई सुरू झाली.

लढाई सुरू झाली तसं जबलपूरचं रूपच पालटलं. कारखान्याचे भोंगे वेळी-अवेळी वाजायला लागले. खिडक्यांना काळे कागद लागले. पितृपक्ष असून लोक जेवायला कोणाकडे जात नव्हते. कारखान्यातल्या माणसानं नव्या माणसाशी बोलायचं नाही, परक्या पत्त्यावर पत्र टाकायचं नाही, अशा नोटिसा लागल्या. हार्परबाईंचं पत्र आलं, पार्सलं परत येत आहेत म्हणून, तेव्हापासून नवराबायकोच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"कोणी विचारलं तर मी भेट म्हणीन," अनसूयेनं त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. "अन् तुम्हाला यातलं काही ठाऊक नाही म्हणीन. तुम्ही मधे तोंड घालायचं नाही, माझी शपथ आहे. नोकरी तुमची आहे, बाहुल्या माझ्या आहेत."

अच्युतराव ताटातला भात चिवडत बसले होते.

तर चिठ्ठी घेऊन अनसूया निघाली. रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं, पायात घरातल्या स्लीपर आहेत. राहू दे मेल्या, म्हणाली. लेक बेबी शाळेतून आल्यावर दार कोण उघडेल, हाही विचार आला, तोही तिनं ढकलून दिला. डोक्यात एकच घोळत होतं. नोकरी. ह्यांची नोकरी गेली तर जबलपुरात आपलं आहे काय? ना शेत, ना घर, ना दीर, ना जाऊ.

मोठ्या पोस्टाच्या मागच्या खोलीत टेबलावर पाच खोकी ओळीनं मांडली होती. सुतळीवर विलायती शिक्के, कोपरे चेपलेले. टेबलामागे मुरलीधर तिवारी, कस्टमचे निरीक्षक, पान खाणारे, अंगानं भरलेले. त्यांच्या शेजारी पांढऱ्या शर्टातला एक बारीक माणूस, हातावर हात ठेवून बसलेला.

"या, वहिनी," तो मराठीत म्हणाला. "मी भय्यासाहेब. फॅक्टरीच्या सुरक्षेचं बघतो. अच्युतरावांना शिफ्टमधून बोलावणं गेलं आहे. तोवर आपण बोलू."

मराठी माणूस बघून बरं वाटावं ना? अनसूयेला उलट धडकीच भरली. तिवारीला चार थापा मारता आल्या असत्या. हा घरातला निघाला.

"ये पार्सल आपने भेजे?" तिवारींनी विचारलं.

"हो जी. भेट होती."

"पाँच-पाँच भेंट? अंग्रेज़ औरतों को?"

"ओळखीच्या आहेत. मिशनच्या बाईंमुळे ओळख."

तिवारींनी सुरी उचलली. "खोलना पड़ेगा, बहनजी. लड़ाई का टाइम है. बाहर से आया हुआ हर डिब्बा खुलेगा."

पहिलं खोकं उघडलं. कागदाच्या कपट्यांतून हिरव्या नऊवारीची नवरी बाहेर आली. नथ थोडी वाकली होती. अनसूयेचा हात आपोआप पुढे गेला, नथ सरळ करायला. तिवारींनी बाहुली मागे घेतली, उलटी केली, आणि पाठीच्या शिवणीत सुरी घातली. टर्रकन आवाज झाला. कापूस बाहेर आला. त्यांनी बोटानं चाचपलं. काही नाही. दुसरीही तशीच फाडली. काही नाही.

तिसऱ्या बाहुलीचा पदर सुटला आणि कमरेच्या गाठीतून टेबलावर काहीतरी सांडलं. तांदूळ. एक हळकुंड. एक बारकी सुपारी.

"ये क्या है?" तिवारी ताठ बसले. "ये किसलिए डाला? दाने गिनके डाले हैं क्या?"

दारातला शिपाईसुद्धा वाकून बघायला लागला. अनसूयेनं भय्यासाहेबांकडे पाहिलं. सांगा ना हो त्यांना, असं तिला ओरडून म्हणावंसं वाटलं.

भय्यासाहेबांनी हळकुंड उचलून बघितलं. "ओटी है, तिवारीजी. हमारे यहाँ लड़की विदा होती है तो पल्लू में चावल, हल्दी, सुपारी बाँधते हैं. इसमें कुछ नहीं है." तिवारींनी हुश्श केलं. अनसूयेचा जीव भांड्यात पडला. पण तो माणूस एवढ्यावर थांबला असता तर ना! त्यानं हळकुंड टेबलावर ठेवलं आणि मराठीत अगदी मऊ आवाजात विचारलं, "वहिनी, ओटी आपण कोणाची भरतो? घरच्या मुलीची, सुनेची. परक्या देशात पाठवायच्या बाहुलीची तुम्ही ओटी भरली. म्हणजे या बायांशी तुमचं नातं चांगलंच दाट दिसतं."

घ्या! आपल्याच हातानं केलेलं आपल्याच अंगाशी आलं. खरं म्हणजे ओटी बायांसाठी नव्हतीच. नवरी नटवून रिकाम्या पदरानं घराबाहेर धाडायची, हे अनसूयेला आजवर जमलंच नव्हतं. विकलेली असो नाहीतर दिलेली, गेली ती गेली, भरल्या ओटीनं जावी. पण हे आता सांगायचं कसं? विकलेली म्हटलं की नोकरी जाते. दिलेली म्हटलं की शत्रूच्या दोस्तांशी नातं निघतं. विलायतवाले कोणाच्या बाजूनं आहेत, यावर तेव्हा नाक्यानाक्यावर भांडणं होत होती.

"तसं दाट नाही हो," ती म्हणाली. "आपली एक हौस."

"हौस. अच्छा." भय्यासाहेबांनी लेबल पुढे सरकवलं. "हे इंग्रजी कोणी लिहिलं?"

"मी."

"तुम्ही? शिक्षण किती झालंय?"

"मराठी चौथी. पण बघून बघून काढते. कशिदा काढतो ना आम्ही, तशी अक्षरं काढते."

भय्यासाहेबांनी शाईचा पेन उघडून तिच्या पुढ्यात ठेवला. कोरा कागद ठेवला. लेबल पालथं घातलं. "काढा बरं. 'गिफ्ट' काढा."

नेमके तेव्हाच अच्युतराव दारात आले. अंगावर कामाचा खाकी कोट, हातांना ग्रीस, कपाळावर घाम. टेबलावरच्या फाटक्या बाहुल्या त्यांनी पाहिल्या, मग बायकोच्या हातातला पेन पाहिला. त्यांचं तोंड उघडलं. अनसूयेनं त्यांच्याकडे असं काही बघितलं, की ते मिटलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. तेवढं बघणं पुरे होतं.

तिनं पेन धरला. सुईसारखा धरला, दोन बोटांत. पाचही लेबलं चिकटवताना तिनं ती अक्षरं कितीदा निरखली होती! हे असलं वाकडंतिकडं काय लिहितात, म्हणून हसली पण होती. पहिलं अक्षर, पोट फुगलेलं, आत एक काडी. मग एक उभी रेघ. मग दोन आडव्या फांद्यांचं. मग डोक्यावर आडवी पट्टी असलेलं. कागदावर शाईचा एक ठिपका पडला, पण चारही अक्षरं उतरली. भय्यासाहेबांनी लेबल उलटून शेजारी ठेवलं. एकेक अक्षरावर बोट ठेवून ताडून बघितलं.

"जमतं तुम्हाला," ते अखेर म्हणाले. मग वळून अच्युतरावांकडे पाहिलं. "अच्युतराव, वहिनी म्हणतात की ही सगळी त्यांची हौस. तुम्हाला यातलं काय माहीत आहे?"

"ह्यांना काय माहीत असणार!" अनसूयाच मधे बोलली. "हे सकाळी जातात ते दिवेलागणीला येतात. घरात काय चालतं, ह्यांना भाजी कोणती केली ते पण ठाऊक नसतं."

"मी त्यांना विचारलं."

अच्युतरावांनी गळा साफ केला. खाली बघत म्हणाले, "नाही. मला... नाही माहीत."

झालं! अनसूयेला काय हलकं वाटलं म्हणता! सुटले हे. वाचली नोकरी. आता फाडा बाहुल्या, काय फाडायच्या त्या. उरलेल्या दोन तिवारींनी तिच्या देखत फाडल्या, त्यांच्या ओट्यांतले तांदूळही टेबलावर सांडले, पण तिनं डोळ्यांत टिपूस येऊ दिला नाही.

भय्यासाहेबांनी काहीतरी लिहून कागद घडी केला. "ठीक. अच्युतराव, तुमच्याबद्दल शंका नाही. शिफ्टवर जा. तिकडे माणूस कमी आहे, ठाऊक आहे ना?" मग अनसूयेकडे न बघता म्हणाले, "वहिनी, तुम्हाला कोतवालीत यावं लागेल. पाच परदेशी बाया, एकाच घरून पार्सलं, नवऱ्याच्या नकळत. पोलिसांना विचारपूस करावीच लागेल. जीपमधून नेतो. घाबरायचं कारण नाही."

कोतवाली! हे तिच्या हिशेबात नव्हतंच. तिच्या डोळ्यांपुढे चेरीतालची गल्ली आली, ओट्या-ओट्यावरच्या बाया आल्या, शाळेतून आलेली बेबी बंद दारापुढे उभी दिसली. तिनं टेबलाची कड धरली. तरी तोंडानं म्हणालीच, "चला."

अच्युतराव उभेच होते.

"जा ना तुम्ही," ती म्हणाली. "शिफ्ट आहे ना? जा. जाता जाता बेबीला शेजारी बसवायचं सांगून जा म्हणजे झालं."

ते वळले. दाराकडे चालायला लागले. जा, जा, लवकर जा, असं ती मनात म्हणत होती. आणि ते खरंच जायला लागले तेव्हा, खोटं कशाला सांगायचं, तिच्या काळजात आग पेटली. एवढं सरळ कसं जाववतं ह्या माणसाला? मीच सांगितलं ते खरं, मीच शपथ घातली ते खरं. पण एकदा मागे वळून बघेल की नाही? त्यांची पाठ दाराबाहेर गेली. व्हरांड्यात बुटांचा आवाज झाला, लांब गेला, थांबला.

तिवारी बाहुल्या परत खोक्यात कोंबायला लागले होते. शिपाई जीपवाल्याला सांगायला निघाला.

बुटांचा आवाज पुन्हा आला. या वेळी झपाझप. अच्युतराव आत आले ते तडक टेबलापाशी. छातीवरचा नंबराचा पितळी बिल्ला त्यांनी ओरबाडून काढला. खाकी कोटाचं कापड फाटलं त्यात. बिल्ला भय्यासाहेबांच्या कागदावर ठेवला.

"लिहून घ्या," ते म्हणाले. "अक्षर माझं आहे. हिला इंग्रजीतला 'अ' पण येत नाही. भेट-बिट काही नाही. विकायच्या बाहुल्या आहेत. तिकडची नवी जकात चुकवायला मीच 'गिफ्ट' लिहिलं. परवानगी काढली नाही ती पण मीच. हिनं मला सांगितलं होतं, खोटं लिहू नका म्हणून."

"अहो!" अनसूया किंचाळली.

"तू चूप."

तिला ह्यांनी आजवर कधी 'चूप' म्हटलं नव्हतं. ती चूप झाली.

भय्यासाहेबांनी बिल्ल्याला हात लावला नाही. "अच्युतराव, मी तुम्हाला सोडून दिलं होतं. हे कागदावर आलं की मला फाडता येणार नाही. धंदा लपवला, खोटं लेबल लावलं, आत्ता माझ्यासमोर खोटं बोललात. अन् लढाई चालू आहे. उद्यापासून गेट बंद होईल तुम्हाला. नंतर चौकशी होईल, काय व्हायचं ते होईल. मी काही करू शकणार नाही."

"समजतं मला."

"अन् हिशेब, पत्रं, सगळं दाखवावं लागेल."

"दाखवतो. त्यात विक्रीच आहे, दुसरं काही सापडणार नाही तुम्हाला. पण हिला जीपमध्ये बसवायचं नाही."

तिवारींनी पान गिळलं आणि भय्यासाहेबांकडे पाहिलं. सतराशे साठ कामं पडल्यासारखे ते सुतळी गोळा करायला लागले. भय्यासाहेबांनी लिहिलेला कागद चुरगळला, नवा घेतला, पेन उघडला. "नाव सांगा. पूर्ण," म्हणाले. अच्युतरावांनी सांगितलं. बापाचं नाव, बिल्ल्याचा नंबर, नोकरीला लागल्याची तारीख. प्रत्येक उत्तराबरोबर एकेक गोष्ट हातातून चालली आहे, असं अनसूयेला दिसत होतं, आणि तिला काही करता येत नव्हतं. शेवटी त्यांनी सही केली. ग्रीसचा अंगठा कागदाच्या कोपऱ्यावर उमटला. भय्यासाहेबांनी बिल्ला पाकिटात घातला.

"वहिनी, तुम्ही घरी जाऊ शकता," ते म्हणाले. ते आणि तिवारी बाहेर गेले.

खोलीत दोघंच उरली. दिवसभर न रडलेली अनसूया आता नवऱ्यावर अशी तुटून पडली, की दाराशी आलेला शिपाई उलट्या पावली गेला.

"काहून आले तुम्ही परत? मी निभावलं होतं सगळं! जाऊन आले असते कोतवालीत, काय खाल्लं असतं मला? इतक्या वर्षांची नोकरी! पोरीचं शिक्षण! अक्षरं काढली मी, बघितलं ना, चारही काढली! तुम्हाला नुसतं शिफ्टवर जायचं होतं. तेवढं पण जमू नये माणसाला? कोणी सांगितलं होतं परत यायला?"

"कोणीच नाही," अच्युतराव म्हणाले.

ते तिच्या शेजारी बाकावर बसले. ग्रीसचे हात त्यांनी मांड्यांखाली दाबून धरले. अनसूयेनं पदरानं नाक पुसलं, आणखी दोन शब्द सुनावायला तोंड उघडलं, आणि सुनावलेच नाहीत. ती सरकून त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली.